बीड थंड होईपर्यंत

घटस्थापनेला दोन दिवस असताना आमच्या वर्कशॉपमधला व्हाईस मोडला. मोडताना 'टण्ण' असा आवाज झाला आणि मग अशी शांतता पसरली की शेजारच्या हॉटेलात कोणी चहात साखर ढवळतंय तेही ऐकू आलं. पुतण्या हातात चार फुटी लोखंडी नळी घेऊन उभा होता. त्याने आधी नळीकडे बघितलं, मग व्हाईसकडे, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "काका, हा आधीपासूनच मोडलेला होता."

वर्कशॉप हा शब्द मी वडिलांच्या मानासाठी वापरतो. जामखेडच्या भाषेत ते 'पत्र्याचं शेड' आहे. वडील तिथे विहिरीवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचे. मी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालो आणि पुतण्याने शेड चालवायला घेतल्यावर देखरेखीला बसू लागलो. देखरेख म्हणजे खुर्ची, पेपर आणि "जपून रे" एवढं म्हणणं. त्या दिवशी मी तेही म्हणालो नव्हतो, कारण शब्दकोडं अडलं होतं.

व्हाईस 6 इंची जबड्याचा, बाभळीच्या ओंडक्यावर चार बोल्टांनी आवळलेला. कोणाच्या कोयत्याची मूठ बसवायची असो, तिफणीचा फण सरळ करायचा असो की कोणाच्या पोराच्या सायकलचं पायडल काढायचं असो, सगळ्यांना त्याने पन्नासेक वर्षं दातांत धरलं. पुतण्या ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीची वाकलेली पिन त्यात धरून सरळ करत होता. पिन घसरत होती. म्हणून त्याने व्हाईसच्या दांड्यावर नळी चढवली.

व्हाईसचा दांडा बनवणारा माणूस मूर्ख नसतो. दांडा एवढाच का आणि हातभर का नाही, तर माणसाच्या हातात जेवढा जोर असतो तेवढ्याने व्हाईस मोडू नये, म्हणून. पण आपल्याकडे आखूड दांडा दिसला की तो बनवणाऱ्याचा चिक्कूपणा वाटतो. मग नळी येते. नळीने जोर चार-पाच पट होतो, अक्कल आहे तेवढीच राहते. पिन सरळ झाली नाही. मागच्या जबड्याची मान मात्र मुळापासून तुटली आणि जबडा ओंडक्यावरून लोळत माझ्या खुर्चीपाशी आला.

तुटलेली कड मी हातात घेऊन बघितली. करड्या रंगाची, रवाळ, गुळाची ढेप फोडल्यावर दिसते तशी. म्हणजे बीड.

इथे एक अडचण सांगून ठेवतो, कारण ती पुढे महिनाभर मला पुरली. ओतीव लोखंडाला मराठीत बीड म्हणतात. आणि जामखेड तालुका बीड जिल्ह्याला खेटून आहे. सौताड्याला, जिथे विंचरणा नदी दरीत उडी घेते, तिथे पोचलात की तुम्ही बीडमध्ये. त्यामुळे आमच्याकडे हा शब्द उच्चारला की लोक धातूकडे बघत नाहीत, रस्त्याकडे बघतात. मी मेहुण्याला फोन केला.

"अहो, बीड तुटलंय. जोडणारा कोणी आहे का?"

"तुटलं? पूल गेला का?"

"पूल नाही हो. मान गेली."

"कोणाची? बीडला आपलं कोण आहे?"

शेवटी मी "कास्ट आयर्न" म्हणालो, तेव्हा तो म्हणाला, "असं मराठीत सांगा की."

बीड म्हणजे लोखंडच, पण त्यात कोळसा भरपूर. शंभरात दोन ते चार भाग कार्बन. आपलं साधं खिडकीच्या गजाचं लोखंड घेतलं तर त्यात पाव टक्कासुद्धा नसतो. बिडात हा कार्बन ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेला असतो, म्हणजे लोखंडाच्या पोटात पेन्सिलीचं शिसं पसरलेलं. त्याचे फायदे पुष्कळ. बीड 1150 ते 1200 अंशांना वितळतं, साध्या लोखंडाला 1500च्या आसपास लागतात. वितळल्यावर पाण्यासारखं साच्यात पसरतं, म्हणून गुंतागुंतीचा आकार स्वस्तात ओतता येतो. दाब द्यावा तेवढा सोसतं. फक्त ओढू नका. ताण आला की पापुद्र्यांच्या वाटेने भेग धावते आणि आधी न वाकता, न कुरकुरता एकदम तुटतं. गजाचं लोखंड आधी वाकून सांगतं की आता पुरे. बीड सांगत नाही. आमच्या नात्यात असे दोन-तीन लोक आहेत.

महाराष्ट्राच्या शेताचं आणि बिडाचं नातं जुनं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर बनवले, तेव्हा लोखंड लागलं की जमीन नासते या समजुतीने शेतकरी बराच काळ त्यांना हात लावेनात. 1910 साली त्यांनी औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथल्या भट्टीतून नांगर गावोगाव गेले. पुढे कोल्हापूर हे तर ओतकामाचं माहेरघरच झालं. आता हेच बीड पुण्याच्या दुकानांत तव्याच्या रूपाने चकचकीत खोक्यात बसलंय, आणि आमच्या आईने बोहारणीला दिलेल्या तव्याची आज खोक्यासकट किंमत काय, हे मी तिला मुद्दाम सांगितलेलं नाही.

व्हाईस मोडल्याची बातमी चहा थंड व्हायच्या आत पेठेत गेली. जामखेडात दुःख एकट्याने करायची सोय नाही. पहिले आले ते शेजारचे निवृत्त सर, ज्यांचा आवाज मुलुखमैदान आहे. त्यांनी तुकडा उलटसुलट करून, "हे टाका आणि नवा आणा," असा निकाल दिला. दुसऱ्याने एम-सील सुचवलं, कारण त्याच्या टाकीचं गळणं त्याने थांबलं होतं. तिसरा म्हणाला, टाकणखार घालून पितळेने झाळा. हा सल्ला खरं तर बरा होता. पितळेचा सांधा बीड न वितळवताच बसतो, त्यामुळे बिडाला धक्का कमी बसतो. पण सल्ला देणारा मंडपवाला होता, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. एका पोराने मोबाईलवर चित्रफीत लावली. तीत एक गोरा माणूस असाच व्हाईस जोडत होता. पोरं ती पुढे ढकलून ढकलून बघत होती, कारण मधला बराच वेळ त्यात काहीच घडत नव्हतं. ते काही न घडणं हाच त्यातला मुख्य भाग होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

भंगारवालाही आला. त्याने तुकड्यावर टिचकी मारली, मडकं वाजवून घ्यावं तसा कान लावला आणि म्हणाला, "बीड आहे. भाव कमी." मला राग आला. मी त्याला मुलुखमैदान तोफेची गोष्ट सांगितली. ही तोफ 1549 साली आपल्या नगरात ओतली, सुमारे 55 टनांची. पुढे परंड्याच्या किल्ल्यात होती, म्हणजे आमच्या शेजारीच. तिथून 1632 साली विजापूरला नेली. 1854 साली साहेबांच्या राज्यात ती मोडीत काढायला लिलावाला आली तर वरची बोली किती, 150 रुपये! एवढ्यात कशाला विकायची म्हणून एका अधिकाऱ्याने ती ठेवून घ्यायला लावली आणि आज लोक तिकीट काढून विजापूरला जातात.

भंगारवाल्याने मनात हिशेब केला. "कशाची होती?"

"काशाची."

"दीडशे?" त्याने छातीवर हात ठेवला. त्या दिवशी तो आमचा व्हाईस विसरून सुन्न होऊन गेला.

निर्णय पुतण्याने घेतला. आमच्या गावाला तुटलेलं जोडायची सवय आहे, असं त्याचं म्हणणं. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने 1970 साली इथे आरोग्य प्रकल्प सुरू केला, खेड्यातल्या कमी शिकलेल्या बायकांना शिकवून त्यांच्याच हातात गावाचं आरोग्य दिलं, आणि 1979 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पाय गेलेल्या माणसाला तिथे जयपूर फूट बसवून देतात. "ज्या गावात माणसाला पाय लावतात," पुतण्या म्हणाला, "त्या गावात व्हाईसला मान लागू नये?" वाक्य चांगलं होतं. नळी त्याच्या हातात नसती तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

पहिला प्रयोग गेट-ग्रिलवाल्याने केला. त्याच्यावर मी फार शाई खर्च करणार नाही. त्याने दोन तुकडे समोरासमोर धरले, साध्या कांडीने दोन टाके मारले, मग एका दमात सगळीकडून सांधा भरला, वर ग्राइंडर फिरवला आणि घाईचं गिऱ्हाईक असल्याने बादलीभर पाणी ओतलं. वाफेचा लोट निघाला. दिसायला सांधा असा देखणा, की आम्ही चहा मागवला. पहिला घोट घेतला आणि 'टिंग' असा आवाज आला. दुसऱ्या घोटाला आणखी एक 'टिंग'. कप खाली ठेवेपर्यंत जबडा ओंडक्यावरून लोळत माझ्या खुर्चीपाशी आला होता. त्याला ती वाट आता पाठ झाली होती.

आई दारात बसून वाती वळत होती. ती म्हणाली, "तापल्या तव्यावर पाणी टाकू नये हे पोरीला सासरी जायच्या आधी शिकवतात. तुम्हाला कोणी शिकवलं न्हाय?"

आईचं हे वाक्य म्हणजे धातुशास्त्राचा अर्धा ग्रंथ आहे, हे मला तात्यांनी समजावलं. तात्या म्हणजे साखर कारखान्यातून निवृत्त झालेले मिस्त्री. नगर जिल्हा कारखान्यांचा. प्रवरानगरला 1950 साली पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि मग जिल्ह्यात धुराडी वाढत गेली. उसाच्या गिरणीतले रोलर बिडाचे असतात. गाळपाच्या हंगामात त्यांची धार गुळगुळीत झाली की ऊस घसरतो, मग चालत्या रोलरवर, अंगावर रस उडत असताना, कांडीने खडबडीत ठिपके मारत जायचे. तात्यांनी हे काम तीस हंगाम केलं. त्यामुळे त्यांना एका नजरेत समोरचं बीड कसं आहे ते कळतं, आणि समोरचा माणूस कसा आहे तेही. त्यांनी गेट-ग्रिलवाल्याचा सांधा बघितला आणि फक्त "हं" म्हणाले. कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत तीस वर्षं बसल्याशिवाय असा "हं" येत नाही.

तात्यांचं म्हणणं असं. साध्या कांडीचं लोखंड बिडात मिसळलं की बिडातला कार्बन ते ओढून घेतं. त्यात झटकन थंड झालं तर सांध्याच्या कडेला काचेसारखा कडक थर होतो, करवत लागत नाही असा. वरून सांधा थंड होताना आकसतो आणि शेजारच्या बिडाला ओढतो. आणि बिडाला ओढलेलं चालत नाही. "मग करणार काय?" मी विचारलं. तात्यांनी बोटं मोडली. निकेलची कांडी आणायची, निकेल नरम राहतं, ताण पोटात घेतं. तुकडे आधी निवांत तापवायचे. सांधा बोटाच्या पेराएवढाच भरायचा, गरम असतानाच गोल डोक्याच्या हातोडीने हलके ठोकायचा, म्हणजे तो आकसताना पसरत जातो. मग थांबायचं. मग दुसऱ्या टोकाला पेरभर. मग थांबायचं. आणि शेवटी सगळं राखेत पुरून ठेवायचं.

"किती वेळ?"

"सकाळपस्तोर. आन् कोणी उघडून बघायचं न्हाय."

हे शेवटचं वाक्य ऐकून मला काही वाटलं नाही. ती माझी चूक. सांगायला सोपं आणि पाळायला अशक्य असं काही जामखेडात असेल, तर ते हेच.

निकेलची कांडी नगरला मिळेल असं कळलं. "अहिल्यानगर म्हणा," सर ओरडले. खरंच आहे. ज्या अहिल्याबाईंवरून जिल्ह्याचं नाव ठेवलं त्या आमच्याच तालुक्यातल्या चौंडीच्या, 1725 सालचा जन्म. आम्ही नाव विसरलो तर इतर कोणी लक्षात ठेवावं? पुतण्या 70-75 किलोमीटर गाडी हाणून अहिल्यानगरला गेला आणि येताना "नगरहून आणली" म्हणत आला. कांडी साधीच्या कित्येक पट महाग. त्याने ती वर्तमानपत्रात गुंडाळून छातीशी धरली होती. लग्नात मंगळसूत्राची डबीसुद्धा त्याने इतकी जपली नव्हती.

तात्यांनी काम सुरू केलं तेव्हा मी घड्याळ लावलं होतं. पहिले दोन तास त्यांनी कांडीला हातच लावला नाही. गेट-ग्रिलवाल्याचा सांधा ग्राइंडरने काढून टाकला. बिडाच्या ठिणग्या आखूड आणि मळक्या तांबड्या उडतात, साध्या लोखंडाच्या लांब आणि लख्ख. त्या रंगावरून ते परक्या लोखंडाचा शेवटचा कण निघाला की नाही ते बघत होते. मग कडा खाचरासारख्या तिरक्या केल्या. मग तुकडे तापवले, तर तुटलेल्या कडेतून काळं तेल पाझरू लागलं. पन्नास वर्षं वडिलांनी घातलेलं तेल बिडाच्या पापुद्र्यांत जिरून बसलं होतं. सर म्हणाले, "रडतोय." आणि क्षणभर कोणी हसलं नाही. तात्यांनी ते जाळून टाकलं, तारेच्या ब्रशने घासलं, पुन्हा जाळलं. मग दोन्ही बाजूंना भोकं पाडून त्यात आटे पाडले आणि बोल्टाचे खुंट बसवले, म्हणजे मानेचा सगळा भार एकट्या सांध्यावर नको.

खुंट बघून मला वाचलेली एक गोष्ट आठवली आणि मी ती सांगायला घेतली. 1917 साली अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा न्यूयॉर्कच्या बंदरात जर्मनांची जहाजं अडकून पडलेली होती. ती अमेरिकेच्या हाती जाऊ नयेत म्हणून जर्मन खलाशांनी आधीच इंजिनांचे बिडाचे सिलिंडर घणाने फोडून ठेवले. बीड फुटलं, आता नवं ओतायला वर्ष-दीड वर्ष जाणार, तोवर युद्ध संपेल, असा त्यांचा हिशेब. अमेरिकी आरमाराने विजेच्या वेल्डिंगने ती काही महिन्यांत जोडली आणि त्याच जहाजांतून स्वतःचं सैन्य युरोपात उतरवलं.

सगळे गप्प झाले. तात्यांनी काळी काच वर केली. "त्यांना लाईट किती तास होती?"

आमची दुपारी तीनला गेली होती. पाचला आली. तोपर्यंत तापवलेले तुकडे अर्ध्या ड्रममध्ये गोवऱ्यांच्या आरावर बसून होते. आर म्हणजे धग, जिच्यावर दूध सायीला लावतात, जी जाळत नाही पण सोडतही नाही. तात्यांनी कडुनिंबाची वाळकी काडी बिडाला टेकवली. ती काळी पडून धुरली तेव्हा मान हलवली. मग पेरभर सांधा. मग हातोडी, टक टक टक, पाळण्यातल्या पोराला थोपटावं तशी. मग ते बिडी पेटवायचे. बिडाची कांडी आणि बिडीची काडी यांचा ताल असा जमला होता, की बिडी संपेपर्यंत सांधा हवा तेवढा निवत असे आणि पुढच्या पेराची वेळ होत असे. मला वाटतं यंत्रशास्त्राच्या पुस्तकांत हे माप द्यायला हवं होतं.

रात्री आठला सगळं जमलं. ड्रममध्ये राख, राखेत व्हाईस, वर आणखी राख, वर पोतं. तात्या उठले, हात झटकले आणि बजावलं, "सकाळपस्तोर." ते गेले.

साडेआठला सर आले. "बघू तरी," म्हणाले. मी नको म्हटलं. ते म्हणाले, "मी नुसतं बघणार, हात थोडाच लावणार?" पोतं उचललं, राख बाजूला केली, बघितलं, "व्वा" म्हटलं, राख परत लोटली. नऊला मंडपवाला आला. त्याचा सल्ला नाकारला होता, म्हणून त्याला बघणं भाग होतं. सव्वानऊला हॉटेलवाला. साडेनऊला मोबाईलवाली पोरं. त्यांनी राख काढून फोटो घेतला. शाळेत सायीच्या भांड्याची गोष्ट सांगत होतो मी पोरांना, प्रत्येक जण थोडीच साय खातो म्हणतो आणि सकाळी भांडं रिकामं. इथे प्रत्येक जण थोडीच धग नेत होता. दहाला मी सगळ्यांना हाकललं, शेडची कडी लावली आणि मग, खरं सांगतो, मलाही राहवलं नाही. इतक्या जणांनी बघितलं आणि मालकाने बघायचं नाही? मी कंदिलाच्या उजेडात राख बाजूला केली, वाकलो.

'टिंग.'

फार लहान आवाज होता. पण मला तो घरी जाईपर्यंत, अंथरुणात, आणि सकाळी तात्या आले तेव्हाही ऐकू येत होता. तात्यांनी व्हाईस काढला. सांध्याच्या वरच्या बाजूला, दोन बोटं लांब, केसाएवढी भेग. त्यांनी राखेकडे बघितलं. राखेत सात प्रकारच्या हातांचे ठसे होते.

"कोणी उघडलं?"

शेडमध्ये बारा माणसं होती आणि बाराही जण पत्र्याकडे बघत होती. मी भूगोल शिकवला आहे. दिशा कोणती ते मला कळत होतं, पण मी बोललो नाही.

तात्या चिडले नाहीत, हे जास्त वाईट. ते म्हणाले, मोडलेल्या पायाला सहा आठवडे प्लास्टर घालतात, त्याला रोज कोणी उघडून बघतं का हाड जुळलं की काय? लोणचं घालता, बरणी रोज उघडता का? मुरायला लागतं तेवढं मुरू द्यावं लागतं. मग त्यांनी भेगेच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली. भेग टोकदार असते तोवर पुढे पळते, गोल भोक आलं की तिला पुढे जायला वाव राहत नाही. उरलेली निकेलची कांडी मोजली. दीड होती. "आता शेवटचं," म्हणाले.

तो अष्टमीचा दिवस होता. संध्याकाळपर्यंत सांधा भरून झाला, व्हाईस पुन्हा राखेत गेला. आता राखण कोणी करायची यावर वाद सुरू झाला. पुतण्यावर कोणाचा विश्वास नव्हता, माझ्यावर माझाच नव्हता. कुलूप लावावं तर शेडला दार एक आणि पत्र्याला फटी चाळीस. एवढ्यात आई आली. तिच्या हातात ताट होतं.

"उद्या खंडेनवमी," ती म्हणाली. "हत्यारं मांडा."

दरवर्षी आम्ही शेडमधली सगळी हत्यारं धुऊन पुसून मांडतो. पाने, पकडी, छन्न्या, घण, ऐरण, वडिलांची जुनी मोजपट्टी. खंडेनवमीला त्यांची पूजा, आणि पूजेतल्या हत्याराला दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही. या वर्षी प्रश्न एकच होता, मोडक्याची पूजा चालते का? भग्न मूर्ती पुजू नये म्हणतात. सरांनी शास्त्राधार काढायला सुरुवात केली. आईने त्यांचं ऐकून घेतलं नाही. ती सरळ ड्रमपाशी गेली, पोतं काढून टाकलं, राखेच्या ढिगाला हात फिरवून नीट गोल आकार दिला, वर हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल खोचलं, आणि समोर उदबत्ती लावली.

"आता हात लावून दाखवा," ती म्हणाली.

रात्री नऊला सर आले. ढिगाऱ्याकडे बघितलं, चपला बाहेर काढल्या, नमस्कार केला आणि गेले. मंडपवाल्याने दुरूनच हात जोडले. मोबाईलवाल्या पोरांनी फोटो काढला, पण बाहेरून. मी खुर्चीत बसून होतो. मला राहवत नव्हतं, पण झेंडूचं फूल माझ्याकडे बघत होतं.

खंडेनवमीला सकाळपासून माणसं येत राहिली. कोणाला कोयता लावून घ्यायचा होता, दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला निघायचं असतं. आज काम बंद म्हटल्यावर ती ढिगाऱ्यापुढे सुपारी ठेवून जात. दुपारी खर्ड्याकडची एक म्हातारी आली. आम्ही जेवायला गेलो होतो. परत आलो तर ती ढिगाऱ्याच्या कडेची चिमूटभर राख कपाळाला लावत होती आणि चिमूटभर पदराच्या गाठीत बांधत होती.

"कोणत्या महाराजांचा अंगारा?" तिने विचारलं.

पुतण्या गडबडला. "बीडचे," म्हणाला.

तिने मान डोलावली. बीडकडे महाराज पुष्कळ आहेत.

दसऱ्याला सकाळी तात्या आले. आईने उत्तरपूजा केली, फूल काढलं. तात्यांनी राखेत हात घातला. ती कोमटही नव्हती. व्हाईस बाहेर आला, राखाडी, मातकट, गळ्याभोवती निकेलची पांढुरकी माळ घातल्यासारखा. तात्यांनी हातोडीने हलकेच वाजवलं. पूर्वीचा आवाज नव्हता, थोडा जाडा होता, पण बद्द नव्हता. त्यांनी ट्रॉलीची तीच पिन जबड्यात धरली, दांडा हाताने आवळला, नुसत्या हाताने, आणि पिनेवर एक ठोका मारला. आम्ही सगळ्यांनी श्वास धरला. काही झालं नाही. पुष्कळ वेळ काही झालं नाही.

ओंडक्यावर परत बसवताना मी पूजेच्या मांडणीकडे बघितलं. पाने, पकडी, छन्न्या, घण. आणि त्यांच्या शेजारी, तेल लावून पुसलेली, दोन्ही टोकांना कुंकू ओढलेली, मधोमध झेंडू बांधलेली चार फुटी नळी. आईला विचारलं तर म्हणाली, "तीपण हत्यारच ना?"

संध्याकाळी सीमोल्लंघन करून लोक परतू लागले. शेडच्या दारात पलीकडच्या आळीतलं एक पोरगं आलं, आपट्याचं पान माझ्या हातात दिलं, पाया पडलं.

"सोनं घ्या, सोन्यासारखं राहा," म्हणालं. मग जीभ चावून, "आणि आमच्या बाबांनी सांगितलंय, ती नळी द्या म्हणावं. आमच्या वाईसचा दांडा लई आखूडे."